चुका जुन्या की नव्या?

वाचकांचे प्रश्न : खेळ आणि कॉलेज

प्रश्न : सर, नमस्कार. मी मूळची अमरावतीची, गेली बावीस वर्षं ओहायोत आहे. व्यवसायाने अकाउंटंट. इथल्या ज्या छोट्या कॉलेजात मी शिकले, त्याच्या विश्वस्त मंडळावर दोन वर्षांपूर्वी मला घेतलं. सगळे मिळून अठराशे विद्यार्थी, डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन गटांतला तिसरा. आमच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाचे कोच चार वर्षांपूर्वी आले. पहिल्या वर्षी ११ जिंकले, १४ हरले. मग ९-१६, मग ७-१८. यंदा पंधरा सामने झालेत, जिंकलेत चार. पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा मुलगा, नोव्हेंबरातच गुडघ्याच्या दुखण्याने बाहेर बसला, डिसेंबरात दोन मुलं संघ सोडून गेली. माणूस अतिशय सज्जन. मुलं वेळेवर डिग्री घेऊन बाहेर पडतात. एका माजी विद्यार्थ्याने नव्या लाकडी कोर्टाचा सगळा खर्च देऊ केला आहे, पण अट अशी की कोच बदला. आमच्या तिघांच्या समितीने मार्चमध्ये शिफारस करायची आहे. मी आयुष्यात चेंडू हातात धरलेला नाही. जो तो मला ड्यूक विद्यापीठाच्या कोचचं उदाहरण देतो, त्यांनाही सुरुवातीला काढायला निघाले होते म्हणतात. रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, ड्यूकच्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो. ती सांगणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेली नाही, आणि मी पाहिली आहे.

ऑगस्ट १९८१ मध्ये मी ड्यूकला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी, गणितात पीएचडी करायला आलो. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर खेळून आलेलो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच कॅमेरॉन इंडोर स्टेडियम शोधून काढलं. ड्यूकचे कोच माइक शशेव्हस्की तेव्हा चौतीस वर्षांचे होते. आदल्याच वर्षी ते आर्मीच्या, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या, संघाकडून आले होते, आणि तिथला त्यांचा शेवटचा मोसम ९-१७ असा गेला होता. त्यांचं नाव कुणाला धड उच्चारता येत नसे. ड्यूकमध्ये पहिल्या वर्षी १७-१३ झालं होतं, पण ती आधीच्या कोचनी जमवलेली पोरं. माझ्यासमोर गेली ती पुढची दोन वर्षं : १०-१७ आणि ११-१७. तीन वर्षांची बेरीज ३८ विजय, ४७ पराभव.

त्यात शेजार कसा होता बघा. दहा-बारा मैलांवर चॅपल हिलला डीन स्मिथ यांच्या नॉर्थ कॅरोलायनाने १९८२ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पंचवीस मैलांवर रॅलेला जिम व्हॅल्वानो यांच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने १९८३ ची जिंकली. व्हॅल्वानो आणि शशेव्हस्की दोघं एकाच वसंतात, १९८० मध्ये, या भागात आलेले. म्हणजे बरोबरीने आलेला माणूस तिसऱ्या वर्षी देशाचा विजेता, आणि आमचा माणूस मार्च १९८३ मध्ये अटलांटात व्हर्जिनियाकडून १०९-६६ ने हरलेला. त्रेचाळीस गुणांनी! तो सामना मी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात एका छोट्या टीव्हीवर पाहिला. शेवटची पाच मिनिटं खोलीत कुणी बोलत नव्हतं. देणगीदारांनी तर कोच बदलण्यासाठी जोर लावलाच होता.

अॅथलेटिक डायरेक्टर टॉम बटर्स यांनी त्यांना ठेवलं. नुसतं ठेवलं नाही, पुढच्या मोसमाच्या मध्यावर, जानेवारी १९८४ मध्ये, पाच वर्षांचा नवा करार दिला. पुढे १९९१, १९९२, २००१, २०१० आणि २०१५ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली. ते २०२२ मध्ये निवृत्त झाले. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

पण तिचा अर्थ 'हरणाऱ्या कोचला वेळ द्या, सोनं होईल' असा काढतात, तो मला मान्य नाही. वेळ देऊनही काही न झालेल्या कोचच्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून ही एकच ऐकू येते. तुमच्या कोचना ठेवण्याच्या बाजूने ती पुरावा म्हणून चालायची नाही. त्या वेळी दिसत काय होतं, तेवढं मात्र तिच्यातून घेण्यासारखं आहे.

माझ्याकडे त्या दोन मोसमांची एक दोनशे पानी वही आहे. घरच्या सामन्यांना मी डाव्या हाताला बसून प्रत्येक पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा खेळ, लिहायचो. १९८२-८३ मध्ये चार फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं, मुख्यतः खेळत होते : जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस, डेव्हिड हेंडरसन. डॉकिन्स तर पहिल्याच वर्षी संघात सर्वांत जास्त गुण करत होता. डिसेंबरातल्या पानांवर माझा एक शेरा पुन्हा पुन्हा आहे : 'परत धावत नाहीत'. म्हणजे बास्केट चुकली की प्रतिस्पर्धी पळत सुटायचे आणि आमची पोरं मागे वळून बघत राहायची. फेब्रुवारीत तो शेरा जवळजवळ नाही. तिथे दुसराच आहे : 'उंची कमी पडली'. परत धावताहेत, जागेवर उभी आहेत, हात वर आहेत, आणि तरी समोरचा डोक्यावरून चेंडू घेतोय. व्हर्जिनियाकडे ७ फूट ४ इंचांचा राल्फ सॅम्पसन होता. हरणं तेच, पण हरण्याचं कारण बदललं होतं. कोच मॅन-टू-मॅन बचावावर, म्हणजे प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा यावर, अडून होते. सगळे झोन खेळा, म्हणजे माणूस न धरता जागा राखा, म्हणत असताना ते ऐकत नव्हते, आणि पोरांना तो बचाव हळूहळू येत होता. पुढच्याच वर्षी हाच संघ २४-१० झाला आणि मायकेल जॉर्डनच्या नॉर्थ कॅरोलायनाला कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात ७७-७५ ने हरवून आला. ती चौघं सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाला, झाली तेव्हा, १९८६ मध्ये, संघाने ३७ सामने जिंकले आणि राष्ट्रीय अंतिम सामना गाठला.

तो अंतिम सामना ड्यूक ६९-७२ असा लुइव्हिलशी हरला. लुइव्हिलच्या त्या विजेत्या संघात केनी पेन नावाचा एक फ्रेशमन होता. दुसरी गोष्ट त्याचीच.

पेन २०२२ मध्ये लुइव्हिलचे मुख्य कोच म्हणून परतले. घरचा मुलगा, विजेत्या संघातला, नंतर केंटकी विद्यापीठात आणि एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये सहायक म्हणून नावाजलेला. गाव आनंदलं. आधीच्या राजवटीतल्या प्रकरणांची चौकशी अजून डोक्यावर होती, हेही न्यायाने सांगायला हवं. मोसमाआधीच्या प्रदर्शनी सामन्यात डिव्हिजन टूच्या लेन्वार-राइनने त्यांना हरवलं. मग पहिले तीन सामने, तिन्ही एकेका गुणाने गेले. ते वर्ष ४-२८ असं संपलं. त्यांना ठेवलं, आणि ठेवलं ते योग्यच होतं. एका वर्षात कुणाला जोखायचं नसतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा प्रदर्शनी सामना, पुन्हा डिव्हिजन टूचा संघ, केंटकी वेस्लियन. पुन्हा हार. तो मोसम ८-२४. मार्च २०२४ मध्ये त्यांना काढलं.

वरवर बघाल तर ४ चे ८ झाले, म्हणजे प्रगती. मी त्या दोन वर्षांत लुइव्हिलचे पुष्कळ सामने टीव्हीवर पाहिले. चेंडू एका बाजूला अडकायचा, चार जण उभे राहून पाचव्याकडे बघायचे. पहिल्या नोव्हेंबरात हे दिसलं, दुसऱ्या फेब्रुवारीतही हेच. हेच बघून मी म्हणतो की ड्यूकने १९८३ मध्ये ठेवलं तेही बरोबर आणि लुइव्हिलने २०२४ मध्ये काढलं तेही बरोबर.

तेव्हा ताई, बघायचं एवढंच : चुका जुन्याच आहेत, की नव्या?

हे बघायला चेंडू हातात धरलेला असण्याची गरज नाही. तुम्ही अकाउंटंट आहात, निम्मं काम तर तुमच्याच हातचं आहे. कॉलेजच्या साईटवर प्रत्येक सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, असतो. तीन पूर्ण मोसम आणि हा चालू, असे सगळे उतरवून घ्या. आधी पाच गुणांच्या आतले सामने बाजूला काढा. त्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. चार जवळचे सामने जिंकलेला कोच आणि तेच चार हरलेला कोच यांत अनेकदा काहीच फरक नसतो. मग एकूण केलेले गुण आणि दिलेले गुण यांतला फरक वर्षावार मांडा. तो वाढतोय की घटतोय, हे विजयांच्या आकड्यापेक्षा खरं बोलतं. मग टर्नओव्हर (हातचा घालवलेला चेंडू) आणि दिलेले आक्रमक रिबाउंड (समोरच्यांनी स्वतःचा नेम चुकल्यावर परत मिळवलेला चेंडू), दर वर्षी पहिले आठ सामने आणि शेवटचे आठ सामने वेगवेगळे. सगळ्याच मोसमांत पहिल्या आठात आणि शेवटच्या आठात काहीच हललं नसेल, तर समजा की सरावात काही शिकवलं जात नाहीये, किंवा शिकवलेलं पोचत नाहीये.

आणखी एक यादी करा. पहिल्या वर्षी कोचनी किती फ्रेशमन आणले, त्यांतले किती आज संघात आहेत? डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला बंदी आहे. म्हणजे पोरगा तिथे पैशासाठी थांबत नाही, आवडतं म्हणून थांबतो. दहातली सात जण चौथ्या वर्षीही पहाटे उठून येत असतील तर त्या माणसात काही तरी आहे. दोन उरली असतील तर त्याच्या सज्जनपणाबद्दल तुम्ही ऐकलंय ते मोठ्या माणसांकडून ऐकलंय. डिसेंबरात सोडून गेलेल्या दोघांना फोन करा. कोचबद्दल विचारू नका. 'सराव कसा असायचा, सांग' एवढंच म्हणा, आणि गप्प बसा.

उरलेलं काम कागदावर होत नाही. सरावाला जा. एकदा नव्हे, तीनदा, आणि त्यांतला एक सराव हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीचा असू द्या.

हे मी कळवळून सांगतोय त्याला कारण आहे. पुढे मी एका छोट्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं, आणि बरीच वर्षं तिथल्या खेळ समितीवर प्राध्यापकांचा प्रतिनिधी होतो. घरच्या प्रत्येक सामन्याला मी स्कोअररच्या टेबलावर बसून बुक लिहायचो. त्यामुळे मला वाटायचं, या संघाबद्दल मला माहीत नाही असं काही नाही. पाच वर्षं हरणाऱ्या एका कोचला काढायच्या बाजूने मी हात वर केला. निर्णय कळवल्यानंतर दोन दिवसांनी जिमकडून जाताना दार उघडं दिसलं. ते एकटेच रुंद मॉपने कोर्ट पुसत होते, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सरळ पट्टे ओढत. मला बघून थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, 'तुम्ही किती सकाळी सरावाला आला होतात?' सराव सहाला असायचा. मी एकदाही गेलो नव्हतो. निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण तो मी अर्धीच बाजू पाहून दिला, आणि ज्याचं पोट त्यावर होतं त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. वीसेक वर्षं झाली, अजून मॉपचा तो ओला पट्टा डोळ्यांसमोर येतो.

सरावात काय बघाल? चेंडू बघू नका. कोचनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला की पोरांच्या माना कुठे वळतात ते बघा. चूक झाली की ते नुसतं 'पुन्हा' म्हणतात, की पाय कुठे हवा होता ते जागेवर येऊन दाखवतात? मग पुढच्या खेपेला तो पाय तिथे पडतो का? पाण्याच्या सुटीत पोरं दोघं-दोघं बोलतात की भिंतीला टेकून एकेकटी उभी असतात? बेंचवरचा बारावा मुलगा, ज्याला सामन्यात दोन मिनिटंही मिळत नाहीत, त्याच्याशी कुणी काही बोलतं का? हे तुम्हाला कुणाही जाणकाराइतकंच कळेल. शाळेतला वर्ग चालला आहे की नुसता भरला आहे, हे आपल्याला दारातून कळतंच की.

आता माझा कल विचाराल तर लपवत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तो करार न वाढवण्याकडे आहे. गार्डचा गुडघा यंदाचं सांगतो, गेल्या वर्षीच्या ७-१८ चं सांगत नाही. चौथं वर्ष म्हणजे कोर्टवरचं प्रत्येक पोरगं त्यांनी स्वतः निवडलेलं आहे, आधीच्या कोचकडे बोट दाखवायची सोय आता नाही. आणि ११, ९, ७ हा उतार एका दिशेचा आहे. पण सरावात तुम्हाला नव्या चुका दिसल्या, शेवटच्या आठ सामन्यांचे आकडे हलताना दिसले, तर माझा कल मोडीत काढा आणि त्यांना आणखी एक वर्ष द्या. नुसतं 'बघू या' म्हणून मात्र देऊ नका. जॉर्जटाउन विद्यापीठाने पॅट्रिक यूइंग यांना असंच दिलं. त्यांच्याच १९८४ च्या विजेत्या संघाचा महानायक, २०१७ मध्ये कोच म्हणून आलेला. २०२१ मध्ये त्यांनी कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली, आणि पुढच्याच वर्षी त्याच कॉन्फरन्सच्या १९ पैकी १९ लढती हरल्या. घरच्या माणसाला काढवेना, आणखी एक वर्ष दिलं. ते ७-२५ गेलं आणि मार्च २०२३ मध्ये काढावंच लागलं. त्या एका वर्षात ज्या सीनियर पोरांचं शेवटचं वर्ष होतं, त्यांना ते परत कोण देणार? आपल्यात 'एक संधी द्या' म्हणणं मोठ्या मनाचं मानतात. ती संधी कुणाच्या खात्यातून जाते तेही धरा.

देणगीदाराला आजच कळवा, मार्चपर्यंत थांबू नका. कोर्टाचा प्रस्ताव आणि कोचचा निर्णय यांचा संबंध नाही, आणि अट काढली नाही तर कोर्ट नको. हे लेखी द्या. तुम्ही शेवटी कोचना काढलं आणि त्यानंतर त्या पैशातून चकचकीत फरशी आली, तर येणाऱ्या नव्या कोचला पहिल्या दिवसापासून कळेल की या कॉलेजात आपला मालक कोण आहे. चांगला माणूस अशा ठिकाणी येत नाही, आला तर टिकत नाही.

शेवटचा सामना होईपर्यंत समितीत मतदान नको, आणि कॉरिडॉरमध्ये चर्चा तर मुळीच नको. अठराशे विद्यार्थ्यांच्या कॉलेजात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि मग उरलेले दहा सामने पोरं कुणासाठी खेळतील? निर्णय झाला की तो कोचना आधी, समोरासमोर, आणि पोरांना त्याच दिवशी. बातमी मोबाइलवरून पोरांपर्यंत पोचता कामा नये. कोचच्या घरचा आरोग्य विमा किती महिने चालू राहील, हे बैठकीत जाण्याआधी स्वतः विचारून घ्या. सज्जन माणूस तो प्रश्न त्या क्षणी विचारणार नाही.

प्रश्न : अमेरिकेत हरणाऱ्या कोचला काढताना त्यालाच उलट कोट्यवधी रुपये देतात असं वाचलं. हा काय प्रकार आहे? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : मोठ्या विद्यापीठांत कोचचा करार पाच-सहा वर्षांचा असतो आणि त्यातली बरीच रक्कम हमीची असते. मुदत संपायच्या आत काढलं तर उरलेल्या वर्षांचे पैसे, सगळे किंवा ठरलेला भाग, द्यावे लागतात. त्यालाच बायआउट म्हणतात. काही करारांत असं कलम असतं की त्याला दुसरीकडे नोकरी लागली तर तिथला पगार यातून वजा होईल. कोच स्वतःहून दुसरीकडे गेला तर उलटा पैसा त्याने किंवा त्याच्या नव्या विद्यापीठाने भरायचा, हेही त्याच करारात असतं.

इंडियाना विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये आर्ची मिलर आले. चार मोसम, ६७ विजय, ५८ पराभव, आणि एनसीएएच्या, म्हणजे राष्ट्रीय, स्पर्धेत एकदाही संघ खेळला नाही. त्यांतली २०२० ची स्पर्धा कोविडमुळे कुणाचीच झाली नव्हती. मार्च २०२१ मध्ये त्यांना काढलं, तेव्हा बायआउट होता एक कोटी डॉलरहून जास्त, आणि तो खासगी देणगीदारांनी भरला. त्यांच्या जागी माइक वुडसन आले, इंडियानाचेच जुने खेळाडू, एनबीएत कोच राहिलेले. तेही २०२५ मध्ये गेले, आणि पुन्हा नवा माणूस आला. म्हणून मला वाटतं, बायआउटचा आकडा किती मोठा यापेक्षा तो कोण भरतं हे बघावं. ज्याने काढायचा खर्च केला, पुढचा कोच निवडताना त्याचाही आवाज खोलीत असतो.

सरकारी विद्यापीठांत अनेक राज्यांत सर्वांत जास्त सरकारी पगार घेणारी व्यक्ती ही फुटबॉल किंवा बास्केटबॉलची कोच असते. आमच्यासारख्या आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला हे खुपतं, आणि ते खुपावंच. पण वर ज्या ताईंचं पत्र आहे त्या डिव्हिजन थ्रीत यातलं काही नसतं. तिथे बहुधा वर्षावर्षाचा करार, आणि कोच अनेकदा दुसरंही काही काम बघतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत अकरावीत आहे, सहा फूट तीन, गार्ड खेळतो. एका कॉलेजचे कोच दर आठवड्याला फोन करतात. आई म्हणते त्यांची नोकरीच धोक्यात आहे. तरी मी तिथेच जावं का?

उत्तर : आईने बातमी वाचली आहे, ते बरं झालं. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून ते बदललं, आणि आता खेळाडू सहज हलतात, कोचही हलतात. लुइव्हिलचंच पुढे काय झालं बघ. नवे कोच पॅट केल्सी जवळजवळ सगळा संघ नवा घेऊन आले आणि २०२४-२५ मध्ये २७ सामने जिंकले. चाहत्यांसाठी फार छान वर्ष. पण आदल्या वर्षी तिथे फ्रेशमन म्हणून आलेल्या मुलांच्या जागेवरून विचार केलास तर ते वेगळं दिसेल.

तेव्हा कोच नाहीत असं धरून कॉलेज निवड. गुडघा गेला, खेळ थांबला, तरी त्या गावात, त्या विषयात तू चार वर्षं काढशील का? हो असेल तर कोचशी बोलणं चालू ठेव. त्यांना सरळ विचार, 'तुमचा करार किती वर्षांचा उरलाय?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि ते कसं उत्तर देतात यातून तुला माणूस कळेल. संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना भेट, कोच समोर नसताना. कॅम्पसला जाशील तेव्हा सामन्याचं तिकीट मागू नकोस, सराव बघू द्या म्हण. वेळ आधी विचारून घे. पुष्कळ ठिकाणी तो पहाटे असतो, आणि आईला गाडी रात्रीच काढावी लागेल.